पेटींतला जर्मन कोट

छंद मनुष्यास कोणत्या वयांत आणि कोणत्या वाटेनें येऊन गांठील याचा नेम नाहीं. आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत मुलांकडून 'देव' आणि 'माला' चालवून घेतले, घरीं आल्यावर पंचांग व वर्तमानपत्र यांपलीकडे कशास हात लावला नाहीं, आणि निवृत्तीस चार-पांच वर्षें उरलीं असतां आम्हांस जो छंद जडला, तो जर्मन लष्करी अधिकाऱ्यांचे जुने गणवेश जमविण्याचा! ही गोष्ट आम्ही आपण होऊन कोणास सांगत नाहीं. सांगितली तर ऐकणारा प्रथम हंसतो, मग आमच्या डोक्यावरील काळ्या टोपीकडे पाहतो, आणि शेवटीं "गुरुजी, हें कशासाठीं?" म्हणून विचारतो. त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पुष्कळ दिवस देतां येत नव्हतें. गेल्या वर्षीं घरांत जें कांहीं घडलें तें सांगितल्यास वाचकच तें शोधून काढतील, असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांनीं नांदेडहून हिंगोलीस मोटारीनें प्रवास केला असेल त्यांस वारंगा फाटा ठाऊक असेलच. अर्धापुरावरून येणारा रस्ता येथें दुभंगतो. एक फांटा आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीस व पुढें अकोल्यास जातो; दुसरा हदगांव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपुराकडे. उतारू येथें उतरतात, ऊन ऊन खिचडी खातात आणि आपल्या वाटेनें जातात. आमच्यासारखीं कांहीं कुटुंबें मात्र येथेंच राहतात. सभोंवार हळद, केळी आणि ऊंस. अशा जागीं जर्मन कोट कोठून यावा? परंतु फाट्याचा गुणच असा कीं, रस्त्यानें जाणारें सारें कांहीं येथें घटकाभर थांबतें. भंगारवालाही थांबतो.

आमच्या छंदाचें मूळ अशाच एका भंगारवाल्याच्या पोत्यांत होतें. फुटकी समई मोडींत घालावयास गेलों असतां त्याच्या तराजूंत पुसट इंग्रजी अक्षरांचें एक पितळी बटण दिसलें. तें हिंगोलीच्या एका जुन्या वाड्यांतून आलेलें होतें. हिंगोलीस 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेची छावणी होती. फौज निजामाच्या खर्चाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. १९०३ सालीं ही फौज हिंदी सैन्यांत मिळवून टाकण्यांत आली आणि तिच्या घोडदळाच्या एका पथकास 'ट्वेंटिएथ डेक्कन हॉर्स' हें नांव मिळालें. पुढें १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या लढाईंत, 'हाय वुड' नांवाच्या एका राईजवळ, या पथकानें भाले सरसावून जर्मन पायदळावर घोडे घातले. यंत्रतोफांच्या त्या युद्धांत घोडे! हें वाचलें त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. ज्या फौजेचीं घोडीं एके काळीं आमच्या कयाधूचें पाणी प्यालीं, ती फौज एवढ्या दूर जाऊन कोणाच्या अंगावर चालून गेली? समोरचा मनुष्य कसा होता, त्यानें काय घातलें होतें? बटणावरून कोटाकडे आम्ही वळलों ते असे.

तसा 'जर्मन' हा शब्द मराठवाड्यांतील घरांस नवा नाहीं. आमच्या लहानपणीं जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचें पातेलें. 'दुधाला जर्मनचें भांडें घेऊं नको' असें आजी म्हणे. पुढें संस्कृत शिकूं लागलों तेव्हां जर्मन म्हणजे मॅक्समुल्लर, ज्यानें सायणभाष्यासह ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळांत छापून काढला आणि ज्याला आपले शास्त्री प्रेमानें 'मोक्षमूलर' म्हणत. आणि खुद्द आमच्या मराठवाड्याच्या भूमीवर जर्मन अधिकारी येऊन लढला तो तर फार पूर्वीं. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर दौलतराव शिंद्यांचें कवायती पायदळ वेलस्लीसमोर उभें राहिलें, त्याचा प्रमुख अँथनी पोलमन हा हॅनोव्हरकडचा मनुष्य. शाळेंत असईची लढाई आम्हीं कित्येकदां शिकविली, पण पोलमनचें नांव पाठ्यपुस्तकांत नव्हतें म्हणून कधीं उच्चारलें नाहीं. शिक्षकाच्या हातून अशा चोऱ्या पुष्कळ होतात.

आतां कोटाकडे येतों. आमचे थोरले मामा पुण्यास शिकावयास गेले आणि १९४२ सालीं लष्कराच्या रसदखात्यांत कारकून म्हणून चिकटले. १९४४ सालीं ते इटलींत होते. चवथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन तेथें जर्मनांशीं झुंजत होत्या. आपल्या मराठा पलटणींतील यशवंत घाडगे यांनीं १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत देह ठेवला आणि नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं पराक्रम केला. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या मामांचा पराक्रम पिठाच्या आणि डाळीच्या पोत्यांचा हिशेब ठेवण्याचा. ॲपेनाईन पर्वतांतील थंडींत त्यांचे हात इतके बधिर होत कीं टांक धरवत नसे. शत्रूच्या सोडून दिलेल्या सामानाचा एक ढीग ठाण्यावर आला होता, त्यांतून त्यांनीं एक लोकरी कोट उचलला. एवढेंच. विजयचिन्ह वगैरे कांहीं नाहीं, थंडी वाजत होती म्हणून.

हा कोट गांवीं आला तेव्हां मामींनीं तो ओसरीच्या पुढें येऊं दिला नाहीं. कोणाच्या अंगावरचा आहे, तो जिवंत आहे कीं मेला आहे, हें ठाऊक नसतां असलें वस्त्र माजघरांत आणणें त्यांस अशक्य होतें. शिवाय उजव्या छातीवर पंख पसरलेला गरुड, आणि त्याच्या पायांत स्वस्तिक! मामींनीं त्यावर जुन्या खणाचें ठिगळ लावलें. त्या ठिगळासह तो कोट घालून मामा पन्नास वर्षें हिंवाळ्यांत ज्वारीच्या राखणीस जात. आम्हीं लहानपणीं त्यांस त्या वेशांत गोफण फिरवितांना पाहिलें आहे. मामा १९९४ सालीं गेले, मामी २०१३ त. मामेभावानें घर आवरतांना फोन केला, "गुरुजी, तुम्हांला तसलीं बटणें आवडतात, हा कोट नेतां का?"

तो आणला आणि आमचें वाचन सुरू झालें. संस्कृत व्याकरण शिकलेल्या मनुष्यास गणवेशाचा अभ्यास अवघड जात नाहीं. येथेंही प्रत्येक प्रत्ययास अर्थ आहे. जर्मन सैन्यांत खांद्यावरील पट्टीच्या खालच्या कापडाचा रंग पाहिला कीं पथक कळतें. पांढरा पायदळाचा, लाल तोफखान्याचा, काळा सफरमैनांचा, सोनेरी पिवळा घोडदळाचा, गुलाबी रणगाड्यांचा, गडद निळा वैद्यकखात्याचा. पट्टीवर चांदणी नसेल तर लेफ्टनंट, एक असेल तर ओबरलेफ्टनंट, दोन असतील तर कॅप्टन. मेजरापासून वर पट्टीची वीणच बदलते, रुपेरी दोरा वेणीसारखा गुंफलेला असतो. शिपायास कपडे सरकारी कोठारांतून मिळत आणि त्यांच्या अस्तरावर शिक्के असत. अधिकारी आपले कोट स्वतःच्या शिंप्याकडून शिवून घेत, म्हणून त्यांच्या कोटाचें कापड तलम, गळपट्टी गडद हिरवी, आणि आंतल्या खिशांत शिंप्याची चिठ्ठी शिवलेली. ही चिठ्ठी म्हणजे कोटाची जन्मपत्रिका: शिंप्याचें नांव, गांव, गिऱ्हाइकाचें नांव आणि तारीख. जाणकार संग्राहक प्रथम तेथें हात घालतो.

आम्ही जाणकार नव्हतों, म्हणून फसलोंही. हैदराबादच्या जुम्मेरात बाजारांत एका विक्रेत्यानें 'जर्मन अफसराचा' म्हणून एक पट्टा आमच्या गळ्यांत मारला. त्याच्या पितळी चकतीवर 'देव आमच्यासंगें' अशा अर्थाचीं जर्मन अक्षरें होतीं. घरीं येऊन पुस्तक उघडलें तों कळलें कीं, चकतीचा पट्टा साध्या शिपायाचा. अधिकाऱ्याच्या तपकिरी चामड्याच्या पट्ट्यास दोन कांट्यांचें साधें उघडें बक्कल असतें. मुंबईच्या चोर बाजारांतून आणलेला एक अंगरखा तर सिनेमावाल्यांचा निघाला. कापडाचा एक धागा ओढून जाळला, तर त्यास केस जळल्याचा वास यावयाचा, त्याऐवजीं तो मेणासारखा वितळून गोळा झाला. दुसरी परीक्षा अतिनील दिव्याची. युद्धापूर्वींचा सुती दोरा त्या प्रकाशांत निर्जीव राहतो, अलीकडचा पांढरा दोरा बहुधा निळसर चमकूं लागतो. हा दिवा आम्हीं घेतला त्या दिवशीं धाकट्या सुनेनें विचारलें, "मामंजी, याच्यानें हळदींतली भेसळ कळते का हो?" प्रश्न अगदीं रास्त होता.

कोटाच्या रंगाचीही एक कथा आहे. प्रशियाच्या सैन्याचा जुना कोट निळा असे, आणि त्या निळाईस नीळ लागे. ती नीळ आपल्याकडून जाई. १८९७ सालीं एका जर्मन कारखान्यानें कृत्रिम नीळ बाजारांत आणली आणि बिहार-बंगालच्या नीळशेतीचा कणा मोडला. गंमत अशी कीं, लौकरच, १९१० च्या सुमारास, जर्मनांनीं युद्धासाठीं निळा सोडून राखी-हिरवा रंग पत्करला. लांब पल्ल्याच्या बंदुकींपुढें निळा मनुष्य फार लांबून दिसतो. मामांचा कोट त्या राखी-हिरव्या घराण्यांतला.

लोकर राखणें हें मराठवाड्यांत मोठें कष्टाचें काम आहे. पावसाळ्यांत बुरशी आणि इतर वेळीं कसर. प्लास्टिकच्या पिशवींत कापड घुसमटतें. आम्ही जुनें धुतलेलें धोतर गुंडाळतों, आंत वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतों, आणि दसऱ्यानंतर एक दिवस सावलींत वारा देतों. अशाच एका दिवशीं आम्हीं तें ठिगळ उसवलें. संग्राहकांच्या जगांत 'मूळ स्थिति' हा मोठा शब्द आहे. मामींचें ठिगळ आम्हांस त्या वेळीं मूळ स्थितींत केलेली ढवळाढवळ वाटली. खालून रुपेरी तारेचा गरुड जसाच्या तसा निघाला आणि आम्ही लहान मुलासारखे हरखून गेलों. कोट खुंटीवर टांगला आणि सगळ्या घरास पाहावयास बोलाविलें.

आमचा नातू तेव्हां आठ वर्षांचा. तो जवळ आला, बोटानें तें चिन्ह गिरविलें आणि म्हणाला, "आजोबा, यांच्याकडेही लक्ष्मीपूजन असतं?"

घरांतील मोठीं माणसें हंसलीं. आम्हांस हंसूं आलें नाहीं. 'सु' आणि 'अस्ति' यांपासून झालेला तो शब्द आम्हीं पोटासाठीं शिकविलेला, उंबऱ्यावर रोज काढलेला. जर्मन लोक त्यास आपल्या भाषेंत 'आंकड्याचा क्रूस' म्हणत. १९२० सालीं हिटलरच्या पक्षानें तें चिन्ह उचललें आणि त्याच्या छायेखालीं साठ लाख यहुदी स्त्रीपुरुष-मुलें मारण्यांत आलीं. हें त्या मुलास त्याच्या वयास झेपेल अशा शब्दांत सांगण्याचा आम्हीं प्रयत्न केला. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मग तुम्ही वरचं कापड का काढलं?"

येथें एक गोष्ट कबूल करणें प्राप्त आहे. आमच्या तरुणपणीं वडीलमंडळींच्या बैठकींत जर्मनांविषयीं एक प्रकारचें कौतुक असे. इंग्रजांचा शत्रु तो आपला मित्र, हें एक. आणि दुसरें तें 'आर्य' प्रकरण. जर्मन आणि आपण एकाच वंशाचे, असें कोणी म्हटलें कीं आमची छाती उगाच रुंद होत असे. संस्कृतांत 'आर्य' म्हणजे सभ्य, आदरणीय. नाटकांत सूत्रधार बायकोला 'आर्ये' म्हणून हांक मारतो, त्यांत डोक्याचें मोजमाप कोठें आलें, हें व्याकरण शिकलेल्या आम्हांस तरी कळावयास हवें होतें. कळलें नाहीं. कोट जमविण्याच्या हौसेंत त्या जुन्या कौतुकाचा अंश नव्हताच, असें आम्हांस छातीठोकपणें म्हणवत नाहीं. नातवाच्या प्रश्नास आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं, कोट मात्र खुंटीवरून काढून पेटींत ठेवला.

पेटींत ठेवतांना आंतल्या खिशांत हात गेला. इतकी वर्षें मामांनीं त्यांत बहुधा सुपारी ठेवली असावी. तळाशीं भुगा होता. त्या भुग्याखालीं कापडी चिठ्ठी शिवलेली होती. ब्रेमेनच्या एका शिंप्याचें नांव छापलेलें, खालीं शाईनें एका मनुष्याचें नांव आणि १९४३ सालची तारीख. खांद्यावर चांदणी नाहीं, पट्टीखालीं पांढरा रंग: पायदळाचा लेफ्टनंट. नांव येथें देत नाहीं.

थोरल्या मुलानें संगणकावर शोध केला. जर्मनींत युद्धांत पडलेल्यांच्या कबरींची व्यवस्था पाहणारी 'फोल्क्सबुंड' नांवाची संस्था आहे, तिची नामसूचि कोणासही पाहतां येते. त्याच नांवाचा, त्याच हुद्द्याचा एकच मनुष्य निघाला. मृत्यु ऑक्टोबर १९४४, वय बावीस. फ्लॉरेन्सहून बोलोन्यास जाणाऱ्या वाटेवर फुटा खिंडींत तीस हजारांहून अधिक जर्मनांचें स्मशान आहे, तेथें दफन. मामा त्या वेळीं चोवीस वर्षांचे होते. त्यांच्या बरोबरच्या कित्येकांचें दहन तिकडेच झालें. फोर्लीच्या हिंदी स्मशानांत त्यांचीं नांवें आहेत.

त्या संध्याकाळीं आमची पत्नी एवढेंच म्हणाली, "म्हणजे मामींना बरोबर वाटत होतं."

पुढें काय करावें यावर घरांत दोन तट पडले. हैदराबादचा एक व्यापारी, ज्याच्याशीं आमचा परिचय बाजारांतला, त्यानें छायाचित्र पाहून फोनवर सत्तर हजार रुपये सांगितले. गच्ची दोन पावसाळे गळत होती. धाकट्या मुलाचें मत उघड होतें, आणि तें चुकीचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्याचें नांव ठाऊक झालें त्याचा कोट विकणें हें नांव ठाऊक नसलेल्याचा कोट विकण्यासारखें राहत नाहीं. आम्हीं त्या संस्थेस मुलाकडून इंग्रजींत पत्र लिहविलें कीं, कोणी नातलग असल्यास कोट आम्ही विनामूल्य पाठवूं. मनांतून आम्हांस वाटत होतें कीं, तिकडून आनंदाचें, कदाचित् अश्रूंनीं भिजलेलें पत्र येईल. शिक्षकास आभारांची संवय असते.

पांच महिन्यांनीं पत्र आलें. त्या लेफ्टनंटाच्या धाकट्या भावाच्या मुलीचें. त्या बाई सत्तरीच्या, साधें इंग्रजी. पत्राचा मतितार्थ असा: आपण लिहिलेंत हें चांगलें केलें. परंतु कोट आम्हांस नको. माझ्या वडिलांनीं तो विषय घरांत कधीं काढूं दिला नाहीं. माझे काका कोठकोठें होते आणि त्यांनीं काय केलें, हें आम्हांस ठाऊक नाहीं. विचारावयाचें तेव्हां आम्हीं विचारलें नाहीं. तें चिन्ह असलेली वस्तु माझ्या नातवंडांच्या घरांत मला ठेवावयाची नाहीं. आपण तो ठेवा, जाळा, काय वाटेल तें करा. शेवटीं एक ओळ होती: चिठ्ठीवरील नांव शाईनें लिहिलेलें आहे म्हणतां, तर तें त्यांचें स्वतःचें अक्षर आहे काय? आमच्याजवळ त्यांच्या हातचें कांहींच नाहीं. तसें असल्यास तेवढी चिठ्ठी पाठवाल का?

हें पत्र आम्हीं कितीदां वाचलें तें सांगत नाहीं. प्रथम राग आला. आम्ही एवढे उदार झालों आणि कोट नको म्हणतात! मग नातवाचा प्रश्न आठवला. जें त्या बाईंस सत्तर वर्षें जड झालें, तें आम्हीं खुंटीवर टांगून घरास दाखविलें होतें.

चिठ्ठीचा प्रश्न वेगळाच. असल्या चिठ्ठ्यांवरील नांव बहुधा शिंप्याचा कारकून लिही. हें आम्हांस आतां ठाऊक होतें. 'होय, त्यांचेंच अक्षर' असें लिहिलें असतें तर त्या बाईंस कधींही कळलें नसतें, आणि त्यांस समाधान लाभलें असतें. तसें लिहावें असें मनांत येऊनही गेलें. परंतु मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या मनुष्यास अक्षराच्या बाबतींत खोटें लिहवेना. आम्हीं लिहिलें कीं, हें अक्षर त्यांचें असेल किंवा दुकानांतील माणसाचें असेल. दुसरें असण्याचा संभव अधिक. उत्तर आलें तें दोन शब्दांचें: तरी पाठवा.

व्यापाऱ्यास हें सांगितलें तेव्हां तो कळवळून म्हणाला, "मास्टरसाब, चिठ्ठी निकाली तो कोट गया समझो!" त्याचें म्हणणें त्याच्या शास्त्राप्रमाणें बरोबर होतें. चिठ्ठी काढलेल्या कोटास कोणी खरा म्हणत नाहीं. आमच्या साऱ्या संग्रहांत निर्विवाद खरी अशी ही एकच वस्तु होती. बाकी बटणें, तो शिपायाचा पट्टा आणि सिनेमाचा अंगरखा.

चिठ्ठी उसविण्याचें काम पत्नीनें केलें. आमचे हात अलीकडे कांपतात. तिनें बारीक कात्रीनें एकेक टांका तोडला. चारही बाजूंचे मिळून अठ्ठावीस टांके झाले. तुटलेले दोरेही तिनें टाकले नाहींत, चिठ्ठीसह लखोट्यांत घातले. "ते कारकुनानं नाही शिवले," ती म्हणाली. नांदेडच्या मोठ्या टपाल कचेरींत जाऊन आम्हीं लखोटा नोंदवून पाठविला. तो पोंचल्याचें त्या बाईंनीं कळविलें आहे. अक्षराविषयीं त्यांनीं कांहीं लिहिलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.

गच्चीचें काम आमच्या निवृत्तिवेतनाच्या थकबाकींतून यंदा अर्धें झालें. कोट पेटींत आहे. मामींचें ठिगळ आम्हीं फेंकलें नव्हतें, तें सांपडलें. पत्नीनें तें जुन्याच जागीं पुन्हां लावलें. खण विरला असल्यामुळें एका कोपऱ्यांत गरुडाच्या पंखाची तार थोडी दिसते, तेथें दुसरें कापड लावावें लागेल. वेखंडही जुनें झालें आहे. येत्या शनिवारीं बाळापूरच्या बाजारास जाणें झालें तर घेऊन येऊं.